लिंकनच्या बाजूच्या राज्यांत गुलामगिरी सगळ्यात शेवटी का संपली?

प्रश्न : मी जूनमधे मुलीकडे सिनसिनाटीला होते तेव्हा १९ जूनची सुट्टी आली, जूनटीन्थची. जावई म्हणाले १८६५ साली याच दिवशी टेक्सासमधल्या गुलामांना सुटकेचा हुकूम वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी पूल ओलांडून नदीपलीकडे केंटकीत गेलो तर तिथला गाईड म्हणाला, आमच्याकडे गुलामगिरी त्याच्या नंतरही सहा महिने कायदेशीर होती. केंटकी तर लिंकनच्या बाजूनं होतं ना? जोतीरावांनी १८७३ मधे 'गुलामगिरी' ज्या अमेरिकन लोकांना अर्पण केलं त्यांच्याच बाजूच्या राज्यात इतका उशीर कसा? — एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, गाईडनं सांगितलं ते खरं आहे. १८६१ मधे अमेरिकेचं यादवी युद्ध सुरू झालं तेव्हा गुलामगिरीची १५ राज्यं होती, त्यातली ११ फुटून निघाली आणि डेलावेअर, मेरीलँड, केंटकी, मिसुरी ही ४ युनियनमधेच, म्हणजे राष्ट्राध्यक्ष लिंकनच्या केंद्र सरकारबरोबरच राहिली. १८६० च्या शिरगणतीप्रमाणे या चौघांत मिळून जवळपास ४ लाख ३० हजार गुलाम होते, त्यातले सव्वादोन लाख एकट्या केंटकीत.

नकाशा समोर घेतलात की लिंकनची अडचण लगेच दिसेल. वॉशिंग्टनच्या तीन बाजूंना मेरीलँड, म्हणजे ते गेलं असतं तर राजधानीच वेढली गेली असती, आणि केंटकी म्हणजे तुम्ही ओलांडलीत त्या ओहायो नदीचा लांबच लांब दक्षिण काठ. म्हणून ऑगस्ट १८६१ मधे मिसुरीत लिंकनच्याच सैन्यातल्या जनरल फ्रेमाँटनं बंडखोरांचे गुलाम मोकळे केल्याचा जाहीरनामा काढला तेव्हा लिंकननं त्याला तो बदलायला सांगितलं, त्यानं ऐकलं नाही म्हणून स्वतःच हुकूम काढून बदलला. त्यावेळच्या एका पत्रात त्यानं लिहिलंय की केंटकी हातचं गेलं तर सगळा डावच गेल्यासारखं आहे. मला हे वाचताना दर वेळी त्रास होतो, कारण हिशोब बरोबर होता पण त्याची किंमत भरत होती ती माणसं ज्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

१ जानेवारी १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा लिंकननं सरसेनापती म्हणून, युद्धाचा उपाय म्हणून काढला होता त्यामुळे तो फक्त बंडात असलेल्या भागाला लागू. जी राज्यं बंडात नव्हती तिथे मालकांचा हक्क राज्यघटनेनं सांभाळलेला, राष्ट्राध्यक्षाला तिथे हात घालता येत नव्हता. म्हणजे मालक सरकारशी एकनिष्ठ राहिला म्हणून त्याचा गुलाम गुलामच राहिला. मेरीलँडनं १८६४ मधे नवी राज्यघटना करून स्वतःच गुलामगिरी संपवली, तीही फक्त ३७५ मतांच्या फरकानं, आणि तेवढी आघाडीही सैनिकांच्या मतपत्रिका मोजल्या म्हणून मिळाली. मिसुरीनं जानेवारी १८६५ मधे संपवली. केंटकी आणि डेलावेअर मात्र हटले नाहीत, दोघांनी देशभर गुलामगिरी बंद करणारी १३ वी घटनादुरुस्ती फेटाळली, शेवटी बाकीच्या राज्यांनी डिसेंबर १८६५ मधे ती मंजूर केली तेव्हा तिथली गुलामगिरी गेली.

प्रश्न : सरकारनं मालकांना पैसे देऊन गुलाम सोडवून का नाही घेतले? युद्धापेक्षा स्वस्त पडलं असतं. — एक वाचक, सांगली

उत्तर : लिंकननं अगदी हाच हिशोब मांडला होता. डेलावेअरमधे १,७९८ गुलाम, प्रत्येकी ४०० डॉलर धरले तर ७,१९,२०० डॉलर, आणि युद्धाचा एका दिवसाचा खर्च २० लाख. मार्च १८६२ मधे एका सिनेटरला त्यानं लिहून कळवलं की युद्धाच्या ८७ दिवसांच्या खर्चात या चारही राज्यांतले आणि राजधानीतले सगळे गुलाम सुटतील. डेलावेअरच्या विधिमंडळात बिल मांडण्याइतकाही पाठिंबा मिळाला नाही. जुलैमधे त्यानं या राज्यांच्या खासदारांना व्हाइट हाउसमधे बोलावून समजावलं तरी बहुतेकांनी नाही म्हटलं. राजधानीत तेवढं एप्रिल १८६२ मधे मालकांना भरपाई देऊन जमलं. मला वाटतं प्रश्न पैशाचा उरलाच नव्हता, हे लोक मोकळे झाल्यावर आपल्या बरोबरीनं वागायला लागतील ही भीती जास्त होती.

प्रश्न : या सगळ्यात खुद्द गुलाम काय करत होते? वाट बघत बसले होते? — कॉलेज विद्यार्थिनी, अमरावती

उत्तर : अजिबात नाही, आणि तू हे विचारलंस म्हणून फार बरं वाटलं. १८६४ मधे केंटकीत गुलामांना सैन्यात घ्यायला सुरुवात झाली आणि भरती झालेला माणूस मोकळा होणार होता, मग काय, शेतं सोडून माणसं रातोरात चालत निघाली. एकट्या केंटकीतून जवळपास २४,००० काळे सैनिक झाले, लुईझियाना सोडलं तर इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. त्यातले १०,००० च्या वर कॅम्प नेल्सन नावाच्या छावणीत भरती झाले.

पण बायकामुलं कायद्यानं मालकाचीच राहिली. ती नवऱ्यामागून छावणीत आली, झोपड्या बांधून राहिली, आणि नोव्हेंबर १८६४ च्या कडाक्याच्या थंडीत छावणीच्या अधिकाऱ्यांनी ४०० जणांना गाड्यांत घालून हाकललं आणि झोपड्या पाडल्या. त्यातले १०२ जण दगावले. जोसेफ मिलर नावाच्या सैनिकाची साक्ष आजही नोंदीत आहे, त्याचा सात वर्षांचा आजारी मुलगा त्याच दिवशी बाहेर काढला, रात्री ड्यूटी संपल्यावर हा चालत शोधत गेला तर मूल मेलेलं, दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः खड्डा खणून पुरलं. महिना-दीड महिन्यात त्याची बायको आणि बाकीची मुलंही गेली, आणि मग तोही.

या साक्षी उत्तरेतल्या पेपरांत छापून आल्या, लोक खवळले, छावणीत कुटुंबांसाठी घरं बांधावी लागली आणि ३ मार्च १८६५ ला काँग्रेसनं कायदा केला की सैनिकाची बायकामुलं मोकळी. तेव्हापासून केंटकीत जो भरती होईल तो घरच्यांनाही सोडवायला लागला, मालक एकनिष्ठ असो नाहीतर नसो.

नाशिकच्या ताई, पुढच्या वेळी सिनसिनाटीला गेलात तर कॅम्प नेल्सन तिथून गाडीनं दक्षिणेला साधारण दोन तासांवर आहे, लेक्सिंग्टनच्या पुढे. २०१८ पासून ते राष्ट्रीय स्मारक आहे.