दिग्रसहून ग्वेल्फला: ‘तिथं आपल्याला समजून घेतील का?’

भाऊ, अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. करून तू आता कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात ग्वेल्फला एम.एस्सी.ला निघालास. विचारतोस, की कॅनडातले लोक आपली संस्कृती समजून घेतात का, अन् पार्टटाइम कामाच्या मुलाखतीत ‘डायव्हर्सिटी’वर, म्हणजे विविधतेवर, विचारलं तर काय सांगायचं. मी दारव्ह्याकडचा, बरीच वर्षं ऑन्टारिओत आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

‘कॅनडातले लोक’ असा एक गठ्ठा नाही, हे आधी ध्यानात घे. संस्कृती कशाला म्हणायचं हे तिथं ज्याचं त्याचं वेगळं आहे. समोरचा काय धरून बोलतोय हे उमगलं की अर्धी धास्ती जाते.

सरकारचं म्हणणं कायद्यात आहे. १९६३ मध्ये तिथं आयोग नेमला तो मुख्यतः इंग्रजी आणि फ्रेंच या दोन भाषा-संस्कृतींचा विचार करायला. तेव्हा पश्चिमेकडच्या गव्हाच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या शेती केलेल्या युक्रेनी लोकांनी विचारलं, मग आम्ही कोण? अशा रेट्यातून १९७१ मध्ये पंतप्रधान पिएर त्रुदो यांनी बहुसांस्कृतिक धोरण जाहीर केलं: अधिकृत भाषा दोन, अधिकृत संस्कृती एकही नाही. १९८८ मध्ये त्याचा कायदा झाला. २०२१ च्या जनगणनेत दर शंभरात २३ जण बाहेरून येऊन स्थायिक झालेले होते, त्यामुळे तुझ्या वर्गात तू एकटाच परका नसशील.

क्युबेक प्रांताला मात्र हे मान्य नाही. त्यांच्या मते फ्रेंच ही सगळ्यांची सामाईक भाषा आणि सरकारी व्यवहार धर्मापासून लांब. २०१९ च्या कायद्यानं तिथल्या सरकारी शाळेतल्या शिक्षकांना, पोलिसांना कामावर पगडी, हिजाब, क्रॉस घालायला मनाई केली. मला हा कायदा अन्यायाचा वाटतो. पण इंग्रजीच्या समुद्रात आपली भाषा बुडेल ही त्यांची भीती खरी आहे.

ऑफिसातल्या लोकांसाठी संस्कृती म्हणजे बहुतेक वेळा जेवण आणि सण. माझ्या मुलीच्या शाळेत ‘आपल्या घरची एखादी वस्तू आणा’ म्हटलं, तर ती तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोरांच्या पोळ्याचा, चाकांचा लाकडी नंदी घेऊन गेली. शिंगांना बेगड, पाठीवर आजीनं शिवलेली झूल. पोरं घरोघर नंदी नेतात, बोजारा म्हणजे खाऊ-पैसे मिळतात, हे तिनं सांगितलं, बाईंना फार आवडलं. मग एका युक्रेनी मुलानं विचारलं, ‘खरा बैल कुठाय?’ तिनं सांगितलं, आजोबांनी विकला, आता ट्रॅक्टर भाड्यानं आणतात. माझ्या मते त्या दिवशी वर्गाला आपला गाव खरा कळला तो या उत्तरात. कोणी पोळ्याबद्दल विचारलं तर रंगरंगोटीवर थांबू नको. कापूस, कर्ज, विकलेली जोडी, मानाचा बैल आधी कोणाचा यावरून होणारी भांडणं, हेही सांग.

आता तिथल्या मूळ रहिवाशांबद्दल. फर्स्ट नेशन्स, मेटी, इनुइट यांच्यातल्या अनेकांना ‘अनेक संस्कृतींपैकी एक’ म्हटलेलं चालत नाही, कारण ते आधीपासूनचे आणि त्यांची जमीन गेलेली. दीड लाखाहून जास्त मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत घातलं, स्वतःची भाषा बोलली की शिक्षा. २०१५ मध्ये चौकशी आयोगानं याला सांस्कृतिक वंशसंहार म्हटलं. ३० सप्टेंबरला कॅम्पसवर नारिंगी शर्ट दिसतील ते त्या मुलांच्या आठवणीसाठीच. तुला हे समजायला जड जाणार नाही, तू कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे त्यांच्या वस्त्या, पाहिलेत. त्यांना स्टेजवर नाचायला बोलवायचं आणि वनहक्काच्या दाव्याचं नाव काढायचं नाही, तसंच ते.

सगळ्यात अवघड कोपरा आपल्याच लोकांचा. सुरुवातीला एका मराठी घरमालकाकडं बेसमेंटची खोली पाहायला गेलो. आडनाव ऐकलं, मग गाव विचारलं, मग ‘कुलदैवत कोणतं?’ दुसऱ्या दिवशी निरोप, खोली गेली. जाहिरात महिनाभर तशीच होती. हाच माणूस गणपतीच्या कार्यक्रमात आपल्या विविधतेवर भरभरून बोलायचा. त्याच्या लेखी विविधता म्हणजे गोऱ्यांनी आपल्याला मान द्यावा, आपल्या आतल्या उतरंडीला कोणी हात लावू नये. आपल्याकडं गावठाण, बौद्ध वस्ती, तांडा, पोड असं सगळं शेजारी असतं, पण ज्याची त्याची हद्द ठरलेली. ती हद्द विमानात बसून सोबत येते. म्हणून हे पाठ करून ठेव: ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑन्टारिओच्या मानवी हक्क आयोगानं स्पष्ट केलं, की जातीवरून भेदभाव करणं प्रांताच्या मानवी हक्क संहितेखाली बेकायदेशीर आहे, घरभाड्यात आणि नोकरीतसुद्धा. तुझ्यावर असा प्रसंग आला तर गप्प बसू नको, निरोप-मेसेज जपून ठेव. आणि उद्या खोली देणारा तू असशील, तेव्हाही हे आठव.

मुलाखतीचं म्हणशील तर ‘वसुधैव कुटुंबकम्’ सांगू नको, त्यांना प्रसंग हवा असतो. तू ग्रामीण कार्यानुभवात पोडावर गेला होतास ना? तिथं कोणाशी बोलायला अडलं, दुभाष्या कोण झाला, तुझा कोणता सल्ला त्यांनी नाकारला आणि का, एवढं सरळ सांग. धर्म, वय, लग्न झालंय का, असं मुलाखतीत त्यांनी विचारायचं नसतं, तूही बायोडेटात लिहू नको. जन्मतारीख आणि फोटो काढून टाक. काढून झालं की मला पाठव, पाहून देतो.