काकांचा पाय हलला, पण कुणी हलवला?

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. तिचे काका चिंचेवरून पडले, मणक्याला मार लागला आणि कमरेखालचं अंग लुळं पडलं. त्यांच्याकडे येणाऱ्या फिजिओथेरपिस्टचं काम पाहून तिलाही तेच शिकायचंय. एवढं शिकून मालिशच करायची का?
– एक पालक, तासगाव

उत्तर : तुमच्या पत्रातली एक ओळ मी दोनदा वाचली. काकांचा पाय अचानक उडाला, घरात पेढ्यांची भाषा सुरू झाली आणि मुलगी म्हणाली, "तो आपोआप उडाला, काकांनी हलवला नाही." या कामाचं मूळच ते आहे. मज्जारज्जूच्या इजेनंतर पायाला असे झटके येतात. या झटक्यांनाच ताकद समजलं की पुढचं सगळं गणित चुकतं.

ताकद मोजायला प्रत्येक बाजूचे हाताचे ५ आणि पायाचे ५ ठरलेले स्नायू तपासतात. प्रत्येकाला ० ते ५ गुण, एकूण १००. "गुडघा सरळ करा" म्हटल्यावर पाय जागचा हलत नाही, पण मांडीवर ठेवलेल्या बोटांना बारीकसा ताण लागतो, तो १. कुशीवर झोपवून पायाचं वजन पेलून धरलं आणि गुडघा पूर्ण सरळ झाला, तर २. आधाराशिवाय पायाचं वजन स्वतः उचलून सरळ केला, तर ३. शून्य आणि एकमधला फरक कधी कधी डोळ्यांना दिसतच नाही, त्यासाठी हात तयार व्हावा लागतो. मालिशवाल्याचं हे काम नव्हे, दादा. याच तपासणीत गुदद्वाराजवळची संवेदना आणि आकुंचनही पाहतात. तिथे काही शिल्लक असेल तर इजा अपूर्ण धरतात, म्हणजे सुधारणेला जास्त वाव. असं करताना संकोचून चालत नाही, हे मुलीला आताच सांगा.

बीपीटीएचला, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीला, राज्याच्या सीईटी सेलमार्फत प्रवेश घ्यायचा तर बायोलॉजी आणि नीट हवी. कराडला अभिमत विद्यापीठाचं कॉलेज आहे, तिथली प्रवेशपद्धत आणि फी आधी विचारून घ्या. पुढे न्यूरोमध्ये, म्हणजे मेंदू-मज्जासंस्थेच्या विषयात, एमपीटीएच ही पदव्युत्तर पदवी करता येते. सुरुवातीचा पगार मात्र बेताचाच असतो, तो हिशोब घरात आधी मांडा.

तुमच्याच जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांना १९६५ च्या युद्धात मणक्यात गोळी लागली. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्याचं सुवर्णपदक मिळवलं. उरलेली ताकद नेमकी कुठे आहे, हे कळण्याचं मोल त्यावरून लक्षात यावं.

परीक्षा झाली की मिरजेत एखाद्या फिजिओथेरपी विभागात तिला चार दिवस बसू देतात का विचारा. तिथे काका नसतील, अनोळखी पेशंट असतील. संध्याकाळी घरी येऊन ती काय सांगते, ते मला जरूर कळवा.