शेळीची लस गायीला का टोचतात? लंपीबद्दल थोडं सविस्तर

गाठींचा फोटो पाठवून तुम्ही दोन प्रश्न विचारलेत. गायीला शेळीच्या देवीची लस दिली म्हणजे शिल्लक माल खपवला का, आणि गोठ्यात लंपी (गायीच्या अंगावर गाठी आणणारा रोग) असताना दूध प्यायचं की नाही. जनावरांच्या व्हायरस लॅबमध्ये बरीच वर्षं पॉक्सवरच, म्हणजे देवीच्या जातीच्या रोगांवरच, काम केलंय म्हणून जरा लांबण लावतो, चालवून घ्या.

माल खपवला वगैरे काही नाही. मेंढीची देवी, शेळीची देवी आणि लंपी हे तिन्ही व्हायरस कॅप्रीपॉक्स या एकाच गटातले, डीएनए साधारण 97 टक्के सारखा, रक्तातल्या अँटीबॉडी बघून तर तिघांतला कुठला ते सांगताच येत नाही. मग एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती दुसऱ्याला बऱ्यापैकी अडवते. केनियात तर उलटीच गंमत झाली, केएसजीपी ओ-240 नावाचा स्ट्रेन (व्हायरसचा वाण) मेंढ्या-शेळ्यांच्या लसीत वापरत होते आणि नंतर तपासलं तर तो निघाला लंपीचाच! आपल्याकडे 2022 ला लंपी पसरली तेव्हा हातात तयार होती ती शेळीच्या देवीची लस, तीच टोचली आणि माझ्या मते बरोबरच केलं, फक्त लोकांना नीट समजावून सांगितलं नाही कुणी.

पण बऱ्यापैकी म्हणजे पूर्ण नाही, म्हणून लंपीचीच लस हवी होती. 2019 ला ओडिशात लंपी पहिल्यांदा सापडली, त्याच वर्षी रांचीच्या जनावरांतून वेगळा केलेला व्हायरस हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने (हो, घोड्यांचंच केंद्र) इज्जतनगरच्या आयव्हीआरआय या पशुवैद्यक संशोधन संस्थेसोबत लसीसाठी वापरला. हे काम कसं चालतं तर खपली खलबत्त्यात वाटायची, अँटिबायोटिक घालून गाळायची आणि फ्लास्कमधल्या पेशींवर सोडायची, मग रोज मायक्रोस्कोपखाली बघत बसायचं, पहिले काही दिवस बहुतेक वेळा काहीच दिसत नाही, तरी तेच पाणी पुढच्या फ्लास्कमध्ये घालायचं, आणि कधीतरी पेशी गोल होऊन तळापासून सुटायला लागतात. व्हेरो म्हणजे माकडाच्या किडनीच्या पेशी, त्यांत असे 50 पॅसेज (म्हणजे एका फ्लास्कमधून पुढच्यात) करून तो व्हायरस कमजोर केला, गायीत वाढतो पण आजारी पाडत नाही इतपत. हीच लंपी-प्रोव्हॅकइंड, 10 ऑगस्ट 2022 ला जाहीर झाली.

लस दिली आणि आठवड्यात गाठी आल्या म्हणून लस बोगस म्हणणारे खूप भेटतात. अहो, प्रतिकारशक्ती यायला साधारण तीन आठवडे लागतात, आणि इन्फेक्शन झाल्यावर गाठी उठायला 28 दिवसांपर्यंत लागू शकतात, म्हणजे टोचायच्या आधीच लागण झालेली असते. त्यात एकच सुई दहा जनावरांना वापरली तर रोग आपणच पसरवतो. चावणारी माशीही तेच करते, व्हायरस तिच्यात वाढत नाही, नुसता तोंडाला चिकटून पुढच्या गायीवर जातो. म्हणून आधी माशा आणि गोचीड आवरा. गळून पडलेल्या खपल्या झाडून उकिरड्यावर टाकू नका, वाळलेल्या खपलीत हा व्हायरस महिनाभर सहज टिकतो, जाळून टाका.

आता दूध. लंपी माणसाला होत नाही, दूध नेहमीसारखं उकळून प्या.

पण पॉक्स कुठलाच माणसाला होत नाही असं मात्र समजू नका. म्हशीच्या सडावर फोड येतात ती म्हशीची देवी, तो व्हायरस माणसाच्या देवीच्या गटातला, आणि धार काढणाऱ्याच्या बोटांवर, मनगटावर फोड येतात. धुळे, सोलापूर, कोल्हापूरकडे माणसांत केसेस नोंदल्या गेल्यात. शेळ्यांच्या तोंडाला येणारा मावा पण हाताला लागतो. तेव्हा लंपीच्या गायीला उगाच घाबरायचं आणि सड फुटलेल्या म्हशीची मात्र उघड्या हाताने धार काढायची, हे उलटं झालं. अशी म्हैस शेवटी पिळा, ग्लोव्ह्ज घाला, साबणाने हात धुवा.

तुमच्या फोटोतल्या गाठी मला लंपीच्याच वाटतात पण फोटोवरून पक्कं कुणीच सांगू नये. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना सॅम्पल घ्यायला सांगा, आणि गाठी जुन्या झाल्या असतील तर नुसत्या रक्तावर भागवू नका, खपली पण घ्या म्हणावं, तोवर रक्तातला व्हायरस कमी झालेला असतो, खपलीत मात्र भरपूर सापडतो. बर्फात ठेवून पाठवायचं.