केनियातल्या मिशनच्या बालगृहात सहकुटुंब सेवेला येण्याआधी

ताई, तुम्हां उभयतांना प्रभूच्या नावात सलाम.

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: देवगडजवळ वाडीत घर, थोडी हापूसची कलमं, सोबत सासूबाई. तुम्ही जीएनएम झालेल्या नर्स, भावोजी आयटीआय केलेले वायरमन, मुलगी सातवीत, मुलगा दुसरीत. केनियाच्या किनाऱ्यावरच्या एका मिशनच्या बालगृहाने तुम्हांला सहकुटुंब तीन वर्षांसाठी बोलावलंय. पाळकसाहेब म्हणतात हे पाचारण आहे, देवाचं बोलावणं आहे, माहेरचे म्हणतात भरला संसार मोडून कुठे निघालात. जावं का, आणि गेलो तर काय काय बघून ठेवावं? मी मूळची वेंगुर्ल्याची, आणि बरीच वर्षं याच किनाऱ्यावर, किलिफीच्या बाजूला, मिशनच्या कामात आहे. म्हणून जरा लांबच लिहिते.

माझं मन म्हणतं, या. पण इथल्या मुलांचे आईबाप व्हायच्या इच्छेने येत असाल तर येऊ नका. तुमच्या पत्रात ‘त्या पोरक्या लेकरांना आईची माया देऊ’ असं वाक्य आहे. ते मनापासून लिहिलंय हे कळतं, आणि म्हणूनच त्यावर आधी बोलते.

बालगृहातली बहुतेक मुलं आपण समजतो तशी अनाथ नसतात. कुणाची आई असते, कुणाचा बाप मोंबासाला हमाली करत असतो, आजी तर जवळजवळ प्रत्येकाला असते. मूल संस्थेत येतं ते बहुतेक वेळा गरिबीपायी. शाळेचा खर्च झेपत नाही, आई आजारी पडते, पाऊस हुकतो. 2020 च्या अखेरीपासून उत्तर आणि पूर्व केनियात लागोपाठ पाच पावसाळे हुकले, तेव्हा किलिफीच्या आतल्या भागातही मका करपला. अशा वेळी तीन वेळचं जेवण आणि शाळा देणारं बालगृह दिसलं की आजी काळजावर दगड ठेवून नातवाला आणून सोडते. आता आपल्याकडे बघा. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चाकरमानी मुंबईला गेला आणि पोरं गावात आजीजवळ वाढली. त्यांना कुणी अनाथ म्हटलं नाही. मनिऑर्डर वेळेवर आली की घर चालायचं. इथल्या आजीलाही बहुतेक वेळा तेवढंच हवं असतं. माझ्या ओळखीची एक आजी आहे, इथल्या गिरियामा जमातीची. तिची तीन नातवंडं परत तिच्याकडे गेली ती शाळेचे युनिफॉर्म, पावसाचं पाणी साठवायची टाकी आणि महिन्याचं मक्याचं पीठ एवढ्यावर. संस्थेत त्या तिघांवर होणारा खर्च याहून पुष्कळ जास्त होता.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं वचन (1:27) आपण चर्चच्या मंडळीत कितीदा ऐकलंय. त्यात अनाथ आणि विधवा शेजारी शेजारी आहेत. विधवेला तिच्या घरात उभं केलं तर तिचं मूल अनाथांच्या रांगेत येतच नाही. माझी सेवेची समज आज या जागी येऊन ठरली आहे.

संस्थेतलं जिणं लहान मुलांना किती बाधतं यावर बुखारेस्टमध्ये मोठा अभ्यास झालाय. 2000 साली तो सुरू झाला. रोमानियातल्या संस्थांमधली 136 लहान मुलं घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून निम्मी पालक-कुटुंबांत दिली, बाकीची नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी, बोलणं आणि माणसाशी जडणारं नातं सुधारलं, आणि जी दोन वर्षांच्या आत गेली त्यांना सगळ्यांत जास्त फायदा झाला. इथे काम करताना हे डोळ्यांनी दिसतं. गेटमधून नवा पाहुणा आला की चार वर्षांचं पोर धावत येऊन मांडीवर बसतं. पाहुण्यांना भरून येतं, फोटो निघतात. पण आपल्या वाडीतलं चार वर्षांचं पोर अनोळखी माणूस दिसला की आईच्या पदराआड लपतं ना? जे लपत नाही, त्याने फार माणसं येताना आणि जाताना बघितलेली असतात. तुम्ही तीन वर्षं त्याची आई झालात आणि मग विमानात बसलात, तर त्या यादीत आणखी एक नाव पडेल. आईची जागा इथल्या मावश्यांना राहू द्या, ज्या याच गावात म्हाताऱ्या होणार आहेत. इथे त्यांना ‘मामा’ म्हणतात, म्हणजे इथल्या भाषेत आई. तुम्ही त्या मामांच्या पाठीशी उभ्या राहा. त्यांचा पगार वेळेवर होतो का, रात्रपाळीनंतर सुट्टी मिळते का, तापलेलं मूल कसं ओळखायचं हे त्यांना कुणी शिकवलंय का, इथे तुमचं काम आहे.

सरकारही याच दिशेने चाललंय. केनियाने नोव्हेंबर 2017 पासून नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली. 2022 मध्ये नवा बालकायदा आला आणि त्याच वर्षी 2022 ते 2032 असा दहा वर्षांचा आराखडा ठरला: संस्थांमधली मुलं टप्प्याटप्प्याने कुटुंबात न्यायची. आपल्याकडे 2015 चा बाल न्याय कायदा संस्थेला शेवटचा उपाय मानतो, बालसंगोपन योजना घरातच मदत देते, तसंच हे. म्हणजे तुम्हांला बोलावणारं घर आज आहे त्या रूपात फार काळ राहणार नाही. काही मिशनांनी आपल्या इमारतीत दिवसाची शाळा, दवाखाना, कुटुंबांसाठी मदत केंद्र सुरू केलंय. तुमचं मिशन काय करणार आहे?

होकार कळवण्याआधी त्यांना लेखी विचारा. नोंदणीचं प्रमाणपत्र पाठवा म्हणा. प्रत्येक मुलाची न्यायालयाच्या आदेशासह स्वतंत्र फाईल आहे का? गेल्या वर्षी किती मुलं घरी परतली, आणि परतल्यावर त्यांना भेटायला कोण जातं? बालसंरक्षणाचे लेखी नियम आहेत का, आणि ते येणाऱ्या पाहुण्यांनाही लागू आहेत का? पैसा कसा येतो? हा प्रश्न अवघड वाटेल, पण तो टाळू नका. बऱ्याच संस्थांत देणगीदार एकेका मुलाचा महिन्याचा खर्च उचलतो. मूल घरी गेलं की तो पैसा थांबतो. मग मूल घरी जाऊ नये असं कुणी उघड म्हणत नाही, पण फाईल पुढे सरकत नाही. माझ्या माहितीतल्या एका संस्थेत असं वर्षानुवर्षं चाललं. या प्रश्नांना सरळ उत्तरं देणारी माणसं असतील तर त्यांच्या इमारतीचं छप्पर गळत असलं तरी जा. प्रश्नच आवडले नाहीत असं दिसलं तर कितीही गोड प्रार्थना करोत, जाऊ नका.

आता तुमच्या हातातलं काम. ताई, तुमची महाराष्ट्रातली नर्सिंगची नोंदणी इथे आपोआप चालत नाही. केनियाच्या नर्सिंग कौन्सिलकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते आणि ती होईपर्यंत सुई हातात घ्यायची नाही. कागदपत्रं आत्तापासून जमवा. भावोजींना काम कमी पडणार नाही. सौर पॅनेल, पाण्याचे पंप, जुनं वायरिंग यांत इथे सदा बिघाड असतो. पण त्यांनी एकट्याने दुरुस्त करत बसू नये, संस्थेतली मोठी झालेली दोन-तीन मुलं हाताखाली घ्यावीत. अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर गेटबाहेर पडणाऱ्या मुलाच्या हातात कसब असणं किती मोठी गोष्ट आहे, हे तुम्हांला इथे आल्यावर कळेल.

आपल्या प्रांताचं आणि या किनाऱ्याचं नातं जुनं आहे, हे मला इथे आल्यावरच समजलं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं इंग्रजांनी मुंबईला उतरवली, आणि त्यांतली कितीतरी नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली. सुतारकाम, लोहारकाम, वाचन शिकली. आफ्रिकेत फिरलेले मिशनरी लिव्हिंग्स्टन यांचा मृतदेह किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत याच शाळेतला जेकब वेनराइट होता. पुढे शरणपूर चालवणारे प्राइससाहेब 1874 मध्ये मोंबासाला आले आणि त्यांनी फ्रीअर टाउन वसवलं. मुंबईचे गव्हर्नर राहिलेल्या बार्टल फ्रीअर यांचं ते नाव. नाशिकहून आलेले हे ‘बॉम्बे आफ्रिकन’ तिथे आणि मोंबासाजवळच्या रबाईला शिक्षक, कारागीर, उपदेशक झाले. विल्यम जोन्स, इश्माएल सेम्लर ही नावं इथल्या चर्चच्या इतिहासात आहेत. त्यांच्या हाताला कसब होतं आणि ते इथे राहिले. आपल्या वेंगुर्ल्याच्या मिशन दवाखान्याचंही मला तसंच दिसतं. तिथले मिशनरी डॉ. गोहीन परत गेले, पण दवाखाना चालला तो तिथे शिकलेल्या आपल्याच माणसांमुळे.

तुमच्या मुलांबद्दल. मला सगळ्यांत जास्त काळजी मुलीची वाटते, मुलाची नाही. दुसरीतला पोरगा सहा महिन्यांत स्वाहिली बोलायला लागेल. मुलगी परत येईल तेव्हा दहावीच्या तोंडावर असेल. इथलं शालेय वर्ष जानेवारीत सुरू होतं, आपलं जूनमध्ये, आणि शिकणं इंग्रजीत. म्हणून एक तर आत्ता निघा आणि तिची दहावी-बारावी इथेच होईल असं धरून चला, किंवा दहावी होईपर्यंत थांबा. मधलंच उचलून परत आणू नका. घरी रोज मराठी वाचून घ्या. राहायचं घर बालगृहाच्या कुंपणाबाहेर मागा, जवळ असलं तरी चालेल, पण बाहेर. आई दिवसभर पन्नास मुलांची आणि रात्रीही त्यांचीच, असं झालं की आपली मुलं मनातून तुटतात आणि त्या पन्नास मुलांनाही रोज संध्याकाळी दुसऱ्या कुणाचं घर बघावं लागतं. तुमच्या मुलीला हेही आधीच सांगा की इथल्या मैत्रिणींचे फोटो मोबाईलवर कुठेही टाकायचे नाहीत. तो नियम तुम्हांलाही आहे. मंडळीला पाठवायच्या पत्रातही मुलांचे चेहरे नकोत, गोष्टी नकोत.

हवापाणी, जेवणखाण यांची चिंता करू नका. नारळ, काजू, आंबा, फणस, समुद्र, सगळं आपलंच. फक्त आंबा नोव्हेंबरपासून पुढे येतो, मे महिन्यात नाही. मोठा पाऊस मार्च ते मे, छोटा ऑक्टोबर ते डिसेंबर. सुरमईला इथे ‘न्गुरू’ म्हणतात, नारळाच्या रसातली मासळी करतात, ती खाऊन घरचं वाटेल. आमसुलं मात्र मिळत नाहीत. या किनाऱ्यावरच्या मिजिकेंडा लोकांची ‘काया’ नावाची पवित्र रानं आहेत, 2008 पासून जागतिक वारशात. आपल्या देवराईतून चालताना जसं वागतो तसंच तिथे वागायचं, आणि बोलावल्याशिवाय आत जायचं नाही. घड्याळ सकाळी सहापासून मोजतात, म्हणजे ‘पहिला तास’ म्हणजे सात. पहिल्या महिन्यात यावरून भेटी चुकतात. मलेरिया या किनाऱ्यावर बारमाही आहे. मच्छरदाणी रोज, आणि ताप आला की त्याच दिवशी रक्ततपासणी.

पिवळ्या तापाची लस निघण्याआधी निदान दहा दिवस घ्या. तुमच्या वाडीतल्या बोटीवर जाणाऱ्या पोरांना विचारा, मुंबईत कुठे मिळते ते त्यांना पाठ असतं. ते पिवळं कार्ड आयुष्यभर चालतं. केनियाहून भारतात परतताना ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात.

पर्यटकाच्या परवानगीवर येऊन सेवा सुरू करू, परमिट मागाहून बघू, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. धार्मिक आणि धर्मादाय कामासाठी ‘क्लास आय’ नावाचं परमिट आहे, त्याचा अर्ज संस्थेने करायचा असतो. तुम्हां दोघांचा पोलीस दाखला पासपोर्ट सेवेतून काढून ठेवा. मुलांचे पास वेगळे निघतात. आणि इथलं मूल पुढे दत्तक घेऊन गावी नेऊ असा विचार मनात असेल तर तो आत्ताच काढून टाका. केनियाने 2014 मध्येच परदेशी दत्तकावर बंदी घातली होती.

घरचं बघायचं तर कलमं विकू नका. अनिवासी झाल्यावर आहे ती शेतजमीन ठेवता येते, नवी विकत घेता येत नाही. बाग खात्रीच्या माणसाला खंडाने द्या, करार कागदावर करा. दिराला कुलमुखत्यारपत्र द्यायचं तर ठरावीक कामांपुरतंच आणि नोंदणी करून द्या. सातबाऱ्यावरची पीकनोंद दरवर्षी होते ना ते बघायला सांगा. बँकेतलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं, करून घ्यावं लागेल. मंडळी तुम्हांला आधार द्यायला तयार आहे हे वाचून आनंद झाला, पण ट्रस्टच्या खात्यातून परदेशात पैसे पाठवणं सोपं नाही, धर्मादाय पैसा भारताबाहेर खर्च करायला आयकर खात्याची वेगळी मंजुरी लागते. ज्यांना द्यायचंय त्यांनी आपापल्या नावाने, बँकेतून, रिझर्व्ह बँकेच्या नियमांत पाठवावं. आणि परतीच्या तिकिटांचे पैसे चौघांचे बाजूला काढून ठेवा, त्यांना हात लावू नका.

सासूबाईंचं तुम्ही एकाच ओळीत लिहिलंय. त्यांना गावात एकटं ठेवून इथल्या आज्यांची सेवा करायला येणं मला पटणार नाही. नणंदेकडे राहायला त्या मनापासून तयार आहेत का, हे तुम्ही नाही, भावोजींनी त्यांना बसून विचारायला हवं. उत्तर नाही असेल तर दोन वर्षं थांबा. तोवर सिंधुदुर्गातल्याच एखाद्या बालगृहात आठवड्यातून एक दिवस जा, मामांच्या जागी काम करणाऱ्या बायकांशी बोला, स्वाहिली शिका.

संस्थेकडून नोंदणीचं प्रमाणपत्र आणि बालसंरक्षणाचे नियम आले की मला पाठवा. मुलांचं काम बघणाऱ्या इथल्या सरकारी अधिकाऱ्यांना दाखवून दोन्ही खरे आहेत का ते मी विचारून घेईन. तोवर तिकिटं काढू नका.