जनुकात म्युटेशन झालं की ज्वारी-मक्याच्या पानांच्या वाढीवर नेमका काय परिणाम होतो?

कुठलं जनुक बिघडलं त्यावर सगळं आहे. मक्यातलं नॉटेड-१ घ्या (1989 मध्ये शोधून वेगळं केलं). त्यानं फक्त शेंड्याच्या वाढत्या कोंबात काम करायचं, पण म्युटेशनमुळे ते पानातही चालू राहतं. मग शिरांजवळच्या पेशी थांबायचं सोडून वाढतच जातात आणि पानावर गाठी येतात. लिग्यूललेस नावाचं दुसरं जनुक बिघडलेल्या मक्यात पान ताटापासून जिथं वळतं तो सांधाच धड बनत नाही, पानं उभी राहतात.

पण माझं दुखणं पांढऱ्या रोपांचं. आमचं वावर दर्यापूरकडे, खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या भागात. घरच्या बियाण्याची ज्वारी पेरली, तर तासात (ओळीत) मधेच एखादं रोप सोललेल्या लसणासारखं पांढरं निघालं. आजूबाजूची हिरवीगार. भाऊजींचं कृषी केंद्र आहे. त्यांनी धुऱ्यावर उभ्याउभ्याच निदान केलं, "झिंक कमी पडलं," आणि गाडीच्या डिक्कीतून पुडे काढले. जावई माणूस, आईनं लगेच पैसे दिले. फवारलं. पांढऱ्या रोपांनी दाण्यातलं अन्न पुरलं तोवर दोन-तीन पानं काढली आणि माना टाकल्या. वर भाऊजी म्हणाले, "तुम्ही उशीर केला."

अहो, झिंकची कमतरता काय एकेक रोप निवडून येते? मी त्याच पिकाची कणसं वेगवेगळी बांधून ठेवली आणि पुढच्या हंगामात एका कणसाचं बी एका तासात, असं पेरलं. बहुतेक तासं हिरवी. मोजक्या तासांत पांढरी रोपं, आणि तिथं साधारण चारात एक. ज्वारी बहुतांशी स्वपरागी, म्हणजे स्वतःच्याच परागानं दाणा धरणारी, त्यामुळे हिशोब सरळ आहे. हरितद्रव्याचं जनुक एका बाजूनं (नुसतं आईकडून किंवा नुसतं बापाकडून) बिघडलेलं असलं तर रोप हिरवंच दिसतं, दोन्ही बाजूंनी बिघडलेलं आलं की पांढरं. भाऊजींना ती तासं दाखवली, तर म्हणाले जमिनीचा फरक असेल. एकाच वावरात, तासागणिक!

आता हेही खरं की खारपाणपट्ट्यात झिंक-लोह कमी असतंच. पण ते पट्ट्यापट्ट्यानं दिसतं. लोह कमी पडलं तर हिरव्या निघालेल्या रोपाची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा हिरव्या राहतात. तिथं फेरस सल्फेट फवाराच. काही तणनाशकं उडाली तरी पानं पांढरी होतात, पण तीही आधी हिरवी असतात. पहिल्या पानापासूनच पांढरं रोप असेल तर फवारणीचा खर्च करू नका.

बी मात्र त्या तासातलं धरू नका. तिथल्या हिरव्या रोपांतही तीनात दोन हा दोष घेऊन असतात. हे भाऊजींना सांगितलं तर म्हणाले, "मग घरचं बी ठेवताच कशाला? माझ्याकडे थैल्या आहेत."