विचारा की डॉक्टरांना : बाळाची छाती, लसी आणि टेस्टिंगची भानगड

पावसाळी सर्दीचा सीझन म्हणून असेल, पण या महिन्यात आलेल्या प्रश्नांत निम्मे तरी बाळांच्या छातीचेच आहेत. सगळ्यांना उत्तर देणं काय जमायचं नाही, चार घेतलेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, त्याला इलाज नाही.

मॅडम, माझं बाळ साडेतीन महिन्यांचं आहे. दीड आणि अडीच महिन्याची इंजेक्शनं वेळेवर झाली, न्यूमोनियाचं पण दिलंय. तरी सर्दीवरून छाती भरली, पोट उडायला लागलं, अ‍ॅडमिट करून ऑक्सिजन लावावा लागला. डॉक्टर म्हणाले आरएसव्ही. सासूबाई म्हणतात एवढी टोचून काय उपयोग? आणि या आरएसव्हीची लस का काढत नाही कोणी?
— एक आई, कसबा बावडा

ताई, आधी सासूबाईंचं. बाळाला जी पेंटाव्हॅलंट दिली ती घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ बी आणि हिब (न्यूमोनिया, मेंदूज्वर करणारा एक जंतू) या पाचांवर, आणि पीसीव्ही दिली ती न्यूमोकोकस नावाच्या जंतूवर. आरएसव्ही हा वेगळाच विषाणू, त्याच्यावर यातली एकही चालत नाही, म्हणजे लस फेल गेली असं नाही, तो रोग त्या लसीचा नव्हताच. दोन वर्षांचं होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक पोराला आरएसव्ही एकदा तरी होऊन जातो, बहुतेकांना नुसती सर्दी. पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या श्वासनलिका इतक्या बारीक असतात की थोड्या सुजेनं आणि कफानं पण धाप लागते. जगात पाच वर्षांखालची साधारण १ लाख मुलं वर्षाला याच्यानं जातात आणि त्यातली जवळपास सगळी आपल्यासारख्या देशांतली.

आता लस का काढत नाहीत. अहो, काढली होती, साठ वर्षांपूर्वीच काढली होती! १९५६ ला अमेरिकेत एका लॅबमधल्या चिंपांझींना सर्दी झाली त्यात हा विषाणू सापडला, लगेच लहान मुलांत पण सापडला, आणि तेव्हा पोलिओची साल्कची लस नुकतीच यशस्वी झालेली त्यामुळं सगळ्यांना वाटलं की तोच फॉर्म्युला, विषाणू वाढवायचा, फॉर्मॅलिननं मारायचा, टोचायचा, झालं काम. १९६६ च्या सुमारास अमेरिकेत बाळांना देऊन बघितली. एका गटात ३१ बाळांना ती लस दिली, पुढच्या सीझनमध्ये त्यातल्या २० जणांना आरएसव्ही झाला, आणि त्या २० पैकी १६ बाळं हॉस्पिटलमध्ये. दोन दगावली. ज्यांना ही लस दिली नव्हती त्या गटात २१ जणांना आरएसव्ही झाला, अ‍ॅडमिट फक्त एक. म्हणजे लसीनं वाचवलं नाही एवढंच नाही, आजार उलट वाढवला. परत वाचा हे आकडे, मी शिकत असताना पहिल्यांदा वाचले तेव्हा मला वाटलं छपाईत कॉलम उलटे पडलेत.

का झालं असं, ते नीट कळायला पुढची कित्येक वर्षं गेली. या विषाणूच्या अंगावर एफ नावाचं प्रोटीन असतं, त्याच्या जोरावर तो आपल्या पेशीत घुसतो. बटण दाबलं की फाडकन उघडणारी छत्री असते ना, तसं समजा, मिटलेली असते तोवर विषाणूच्या कामाची, आणि एकदा उघडली की परत मिटत नाही. विषाणूला खरोखर अडवणाऱ्या ज्या तगड्या अँटिबॉडी असतात त्या मिटलेल्या आकारावरच नीट बसतात, आणि फॉर्मॅलिननं मारलेल्या विषाणूवर राहिले होते ते बहुतेक उघडलेले. त्यामुळं बाळांच्या अंगात अँटिबॉडी भरपूर झाल्या पण बिनकामाच्या, विषाणूला चिकटायच्या आणि अडवायच्या नाहीत, वर फुप्फुसात सूज वाढवायला हातभार.

२०१३ मध्ये जेसन मॅक्लेलन, बार्नी ग्रॅहम आणि त्यांच्या टीमनं अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी संशोधन संस्थेत त्या मिटलेल्या आकाराचा नेमका नकाशा काढला आणि तो मिटलेलाच राहील असे त्यात बारीक बदल केले. (याच मंडळींची तीच आयडिया पुढं कोव्हिडच्या एमआरएनए लसींतल्या स्पाइक प्रोटीनला वापरली गेली, हे जाता जाता.) त्यानंतर दहा वर्षांत, २०२३ ला, अमेरिकेत आरएसव्हीच्या लसींना मान्यता मिळाली. पण कुणासाठी? आधी ६० च्या पुढच्या लोकांसाठी, आणि मग गरोदर बायकांसाठी. तान्ह्या बाळांना थेट टोचायची लस अजून नाही. कारण १९६६ चा धोका त्यांनाच असतो ज्यांना आरएसव्ही आधी कधीच झालेला नाही. आजोबांना आयुष्यात दहा वेळा होऊन गेलेला असतो, बाळ कोरं असतं.

म्हणून रस्ता काढला तो आईच्या मार्फत. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आईला लस, तिच्या अँटिबॉडी वारेतून बाळाला. फायझरच्या लसीची चाचणी १८ देशांत सातेक हजार गरोदर बायकांवर झाली, जन्मानंतर पहिल्या तीन महिन्यांत बाळाचा गंभीर आजार जवळपास ८२ टक्क्यांनी कमी. दुसरा रस्ता म्हणजे निर्सेव्हिमॅब, ही लस नव्हे, तयार अँटिबॉडीच आहे, बाळाला एकच इंजेक्शन आणि एक सीझन निभावतो. जागतिक आरोग्य संघटनेनं दोन्हीची शिफारस केलीय. आपल्या सरकारी लसीकरणाच्या यादीत मात्र आत्तातरी यातलं काही नाही. पुढच्या वेळी दिवस राहिले तर आपल्या गायनॅकना आवर्जून विचारा.

आणि सगळं सुरळीत झालंय असं पण नाही. जीएसके या औषध कंपनीनं गरोदर बायकांसाठी अशीच लस आणली होती, चाचणीत लस घेतलेल्यांत दिवस भरायच्या आधी बाळंत होण्याचं प्रमाण जास्त दिसलं, ६.८ विरुद्ध ४.९ टक्के, तर २०२२ ला त्यांनी चाचणीच थांबवली. २०२४ मध्ये मॉडर्ना कंपनीच्या लसीच्या बाळांवरच्या चाचणीत गंभीर केसेस दिसायला लागल्या तर अमेरिकेच्या एफडीएनं (औषधांना मान्यता देणारी सरकारी संस्था) तान्ह्या बाळांवरच्या आरएसव्ही लसींच्या चाचण्यांना ब्रेक लावला. लोक अशा बातम्या ‘बघा लस किती घातक’ म्हणून फॉरवर्ड करतात. मला त्या वाचून उलट बरं वाटतं, कारण १९६६ ला कळायला अख्खा सीझन जावा लागला, आता मोजक्या केसेसवर कुणीतरी थांबा म्हणतं.

जाता जाता बाळाचं. परत छाती भरलीच तर बाळ शांत असताना अंगावरचं काढून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा, मोबाईलवर टायमर लावून. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन ते बारा महिने ५० किंवा जास्त, पुढं पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त असतील तर दवाखाना गाठायचा. आणि श्वास घेताना बरगडीच्या खाली खड्डा पडत असेल किंवा अंगावर पिणं सोडलं असेल तर मोजत पण बसू नका, निघा. आणखी एक, आंघोळीनंतरची ओव्याची धुरी बंद. सासूबाईंना राग येईल, माझं नाव सांगा.

डॉक्टर, व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलं की नवीन लसी गरीब देशातल्या लहान पोरांवर टेस्ट करतात. आमची पोरं काय उंदीर हायत काय? मी लसीच्या विरोधात नाही, पण सही करायच्या आधी माणसानं काय विचारावं तेवढं सांगा.
— निवृत्त शिक्षक, कागल

गुरुजी, प्रश्न रास्त आहे आणि राग पण अगदीच बिनबुडाचा नाही. २००९-१० ला तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात एचपीव्ही लसीचा (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची लस) प्रकल्प झाला, त्यात आश्रमशाळांतल्या मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापाऐवजी हॉस्टेलच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या. त्या काळात काही मुली दगावल्या, चौकशीत त्यांचा लसीशी संबंध लागला नाही, पण सह्यांचा प्रकार संसदीय समितीनं २०१३ च्या अहवालात चांगलाच झोडपला. वॉर्डनची सही ही संमती नव्हेच, यात मला तरी दुमत दिसत नाही.

पण दुसरी बाजू पण ऐका. श्रीमंत देशातल्या पोरांवर तपासलेली लस आपल्याकडं तशीच चालेल याची गॅरंटी नसते, जंतूंचे प्रकार वेगळे, कुपोषण वेगळं, घरात चुलीचा धूर वेगळा. आफ्रिकेतल्या गॅम्बियात १७ हजारांवर बाळांवर न्यूमोकोकसची लस तपासली, २००५ ला निकाल आला की एक्स-रेवर दिसणारा न्यूमोनिया ३७ टक्क्यांनी आणि एकूण बालमृत्यू १६ टक्क्यांनी कमी झाले. तिथल्या खेड्यांत हे दिसलं म्हणून गरीब देशांना ती लस मागायला जोर आला. तपासलंच नसतं तर आपण अजून म्हणत बसलो असतो की हे सगळं अमेरिकेतल्या पोरांसाठी.

चाचणी कशी होते तर आधी प्राणी, मग धडधाकट मोठी माणसं, मग चालती-बोलती मुलं आणि सगळ्यात शेवटी तान्ही बाळं, प्रत्येक पायरीवर वेगळी समिती आकडे बघते आणि तिला थांबवायचा अधिकार असतो. आपल्याकडं २०१९ चे नियम आहेत. मुलाच्या वतीनं आईवडिलांची सही लागते, सात वर्षांच्या पुढच्या मुलाला स्वतःला पण समजावून त्याची तयारी विचारावी लागते, चाचणीमुळं इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई.

तुम्ही विचारायचं ते हे, की सीटीआरआयचा (आपल्या देशातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी नंबर काय? २००९ पासून चाचणी सुरू व्हायच्या आधी तिथं नोंद सक्तीची आहे आणि ती नेटवर कुणालाही बघता येते. ज्यांना नवी लस मिळणार नाही त्या दुसऱ्या गटातल्या बाळांना काय देणार, नुसतं पाणी की दुसरी उपयोगाची लस? रात्री दोनला बाळाला ताप आला तर फोन कुणाला लावायचा? मधेच नको म्हटलं तर चालतं का? (चालतं, कारण न देता.) मराठीत संमतीपत्र द्या आणि घरी नेऊन वाचू द्या म्हणायचं. जो ‘इथंच करा की सही, काय होत नाही’ म्हणेल तिथनं उठून यायचं.

सरकारी दवाखान्यात न्यूमोनियाची लस फुकट दिली, नर्सबाई म्हणाल्या दहा प्रकारांची आहे. जाऊबाईंनी खासगीत हजारो रुपये देऊन तेरा प्रकारांची घेतली. आमचं बाळ तीननं मागं पडलं का?
— राजारामपुरी

नाही हो. न्यूमोकोकसचे शंभर तरी प्रकार आहेत, म्हणजे तसं बघितलं तर जाऊबाई पण सत्त्याऐंशीनं मागं आहेत! प्रश्न किती प्रकार हा नसून कुठले हा आहे. दहाची लस पुण्याच्या सीरमची, ती बनवतानाच आशिया-आफ्रिकेत जे प्रकार मुलांना जास्त आजारी पाडतात ते धरून बनवलेली. तेराच्या लसीत ३, ४ आणि १८सी हे तीन जास्तीचे.

तपासली कशी, तर तोवर न्यूमोकोकसची चांगली लस मिळत होती, अशा वेळी निम्म्या बाळांना काहीच न देता कोण आजारी पडतंय बघत बसणं हे पाप झालं असतं. म्हणून गॅम्बियात २,२५० बाळांना चिठ्ठ्या टाकल्यासारखी, कुणाला कुठली हे न सांगता, ही किंवा परदेशी लस दिली आणि रक्तातल्या अँटिबॉडी मोजून बघितल्या. ही कमी पडली नाही. भारतात पीसीव्ही २०१७ ला हिमाचल, बिहार, उत्तर प्रदेशात सुरू झाली आणि २०२१ ला देशभर गेली, दीड महिना, साडेतीन महिने आणि नवव्या महिन्यात बूस्टर. तो नवव्या महिन्याचा मात्र चुकवू नका. माझ्याकडं येणाऱ्या कार्डांवर तोच रकाना सगळ्यात जास्त रिकामा दिसतो, कारण तोवर आई माहेराहून परत आलेली असते आणि कार्ड माहेरीच राहिलेलं असतं.

बाळाला सर्दी असताना लस द्यावी का? आणि गावाकडच्या जत्रेमुळं एक डोस महिनाभर लांबला, परत पहिल्यापासून सुरू करायचं का?
— गगनबावडा

नुसती नाक गळती सर्दी असेल, बाळ पीत-खेळत असेल तर द्यायची. चांगला ताप असेल किंवा धाप असेल तर बरं होऊ द्या. राहिलेला डोस आत्ता घ्या, पहिल्यापासून काही करायचं नाही, जिथं थांबलात तिथनं पुढं. आशाताईंना फोन करून या आठवड्याचं सेशन कुठं आहे तेवढं विचारून घ्या, आणि जाताना कार्ड न्या.