आधी विचारा, ‘कधीपासून?’

“बाबांना डिमेन्शिया झालाय. घरी कसं सांभाळायचं तेवढं सांगा,” असं म्हणत एक मुलगी समुपदेशनाला आली. वडील ७४ वर्षांचे. संध्याकाळी उठून सकाळ झाली समजून दात घासायला जायचे, स्वतःच्याच घरात बसून “चल, घरी जाऊ” म्हणायचे. मध्येच तासभर अगदी पूर्वीसारखे बोलायचे.

कधीपासून? “गेल्या रविवारी वीजबिल त्यांनीच भरलं.”

डिमेन्शियाचा सर्वांत नेहमीचा प्रकार म्हणजे अल्झायमर; तो असा आठवड्यात येत नाही, तो महिने-वर्षं घेत वाढतो. वेळ-जागेचं भान काही तासांत किंवा दिवसांत सुटलं आणि दिवसभरात कमीजास्त होत राहिलं, तर आधी डिलिरियमचा, म्हणजे अचानक येणाऱ्या गोंधळाचा, संशय घ्यावा. त्याचं कारण बहुतेक वेळा शरीरात दुसरीकडेच असतं.

घरचे अशा वेळी “मी कोण, ओळखा बघू” असं विचारत राहतात. त्यातून फारसं कळत नाही, माणूस मात्र दुखावतो. त्यापेक्षा आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगावं. हे गृहस्थ शनिवार, शुक्रवारपर्यंत आले आणि पुन्हा शनिवार, रविवार असे सुलटे निघाले. लक्ष टिकत नव्हतं, आणि डिलिरियममध्ये आधी बिघडतं ते लक्षच.

मग औषधांची पिशवी उघडली. तीन आठवड्यांपूर्वी रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी थायझाइड गटातली गोळी सुरू झाली होती. त्यातच जेवणातलं मीठ जवळजवळ बंद. दोन्हींनी रक्तातलं सोडियम उतरू शकतं. त्याच दिवशी रुग्णालयात पाठवलं, सोडियम निघालं ११९. ते १३५ ते १४५ च्या दरम्यान हवं.

“मग मीठपाणी पाजलं असतं तर?” नाही. इतकं उतरलेलं सोडियम घाईने वर आलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून डॉक्टर पुन्हापुन्हा रक्त तपासत ते हळूहळू वाढवतात.

दर वेळी कारण सोडियमच असेल असं नाही. लघवीतला जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, न्यूमोनिया, साधा बद्धकोष्ठसुद्धा वयस्कर माणसाला गोंधळात टाकतो. झोपेच्या आणि सर्दीच्या काही गोळ्याही तसंच करतात. पण झोपेची गोळी रोजची असेल तर घरच्या घरी एकदम तोडू नये, त्यानेही भ्रम होतो. रोजची दारू अचानक सुटली तर दोन-चार दिवसांत होणारा भ्रम जिवावर बेतू शकतो. डोक्याला मार लागला असेल, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आत साचणारं रक्त कधीकधी काही आठवड्यांनी त्रास देतं.

मधुमेह असेल तर साखर ताबडतोब मोजा. ७० च्या खाली असेल आणि नीट गिळता येत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. ग्लानीत असेल तर तोंडाने काहीही देऊ नका. तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोबडी वळणं, आकडी (फिट) किंवा धाप यांपैकी काहीही दिसलं तर थेट तातडीच्या विभागात न्या. नुसतं गप्प, सुस्त पडून राहणं हेही डिलिरियमच असू शकतं. “झोपलेत, झोपू दे” म्हणत तेच सर्वांत जास्त निसटतं.

रुग्णालयात मुलीला दिलेली कामं साधी होती: चष्मा आणि श्रवणयंत्र लावून ठेवणं, घड्याळ समोर, दिवसा उजेड, रात्री शांतता. “घरी जाऊ” म्हणाले तर वाद न घालता जवळ बसणं.

सोडियम सुधारल्यावरही गोंधळ आणखी आठवडाभर रेंगाळला. काहींना महिनेही लागतात. थायझाइडची गोळी डॉक्टरांनी बदलली, सोडियम पुन्हा तपासायला सांगितलं आणि स्मरणशक्तीची चाचणी तीन महिन्यांनंतर ठेवली, कारण डिलिरियममध्ये घेतलेल्या चाचणीचे गुण भरवशाचे नसतात.